लॅक्स्टन : बांध नसलेलं गाव



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे विषय झाले. राज्यघटना झाली, दुष्काळ झाला, संतसाहित्य तर वरचेवर होतं. मी आज एका गावाबद्दल बोलणार आहे, तेही इंग्लंडमधल्या. इथल्या बहुतेकांनी त्याचं नाव ऐकलेलं नसेल. गावाचं नाव लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशायर परगण्यात, रॉबिन हूडमुळे आपल्याला माहीत असलेल्या शेरवुडच्या जंगलाच्या पूर्वेला. वस्ती काही शे माणसांची. एक चर्च, एक पब, एक कोंडवाडा आणि लाल विटांच्या जुन्या शेतकरी घरांची एक वाकडी गल्ली. इथे कुणी कवी जन्मला नाही, लढाई झाली नाही, राजाचं डोकं उडालं नाही. तरीही इंग्लंडच्या शेतीचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही हे गाव वळसा घालून पुढे जाता येत नाही.

त्याचं कारण गावाबाहेर पडलं की दिसतं, किंवा खरं तर दिसत नाही. इंग्लंडचं खेडं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरव्या कुंपणांनी चौकोन-चौकोन पाडलेली शेतं येतात. लॅक्स्टनच्या तीन मोठ्या शेतांत कुंपण नाही, भिंत नाही, बांधही नाही. पश्चिमेचं शेत, दक्षिणेचं शेत आणि गिरणीचं शेत. एकेकाळी तिथे पवनचक्की होती म्हणून हे शेवटचं नाव. तिन्ही मिळून आज सुमारे ४८० एकर. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांत वाटलेलं, आणि प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले. एकाचे इथे दोन, तिथे तीन, पलीकडे उतारावर एक. दोन पट्ट्यांमध्ये फक्त एक नांगराची सरी. मध्ययुगात इंग्लंडच्या मध्यभागातल्या शेकडो गावांची शेती अशीच होती. डेव्हनमध्ये ब्राँटनला असं एक मोठं शेत उरलं आहे, आणखी एकदोन ठिकाणी अवशेष आहेत. पण त्या शेतीवर हुकमत चालवणारी गावची कचेरी जिथे अजून भरते असं गाव हे एकच.

पीकपद्धत साधी. तीन वर्षांचं चक्र. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, म्हणजे जव किंवा कडधान्य, आणि तिसरं पडीत. आता पडीतावर गवत किंवा चारा घेतात, पण चक्र तेच. तुम्हाला एकट्याला वाटलं म्हणून पडीताच्या शेतात गहू टाकता येत नाही. तुमचा पट्टा तुमचा, पण त्यावर काय आणि केव्हा, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं.

आता ती कचेरी. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार हा ज्यूरीचा दिवस. बारा जण, त्यातला एक प्रमुख. हे बाहेरून आलेले अधिकारी नव्हेत, गावातलेच. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत बसून ते त्या वर्षी गहू पेरलेल्या शेतात जातात. मी पाहिलं तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि तिथली चिकणमाती अशी, की दहा पावलांत बुटाचं वजन दुप्पट व्हावं. ट्रॉलीत टोकं काढलेल्या लाकडी मेखांचा भारा. पट्ट्याच्या एका टोकाला एक जण मेख धरून उभा, दुसऱ्या टोकाला दुसरा, मधला डोळा बारीक करून रेघ जुळवणारा तिसरा. "अजून थोडी तुझ्याकडे" असा हात हलला की मेख सरकते, जुळली की घणाचा ठोका. मग सगळे वाकून पाहतात : नांगर मेखेच्या पलीकडे गेला आहे का? शेजाऱ्याच्या पट्ट्यात नाही, तर निदान गाडीवाटेत? किंवा गवताच्या सखल पट्टीत? गेला असेल तर नाव लिहून घेतात. ज्याचं नाव लिहिलं तो बहुधा तिथेच, मेखांचा भारा सांभाळत उभा असतो. ज्यूरीतल्या माणसाचाही नांगर घसरतो, आणि त्याच्याच देखत त्याच्यावर दंड लागतो. थट्टा होते, पण दंड चुकत नाही.

आपल्या सभागृहात गावाकडची बरीच मंडळी आहेत, म्हणून सांगतो. ते दिवसभर जे शोधत होते त्याला आपण बांध कोरणं म्हणतो. दर नांगरटीला चार बोटं. दहा वर्षांत हातभर. मग मोजणीचा अर्ज, भूमी अभिलेखाची तारीख, शेजारी मोजणीला हरकत घेणार, मग दिवाणी दावा, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत दोघांचेही नातू. लॅक्स्टनमध्ये हेच भांडण एका ओल्या गुरुवारी मेखा ठोकून संपतं. प्रत्येक शेत तीन वर्षांतून एकदा गव्हाखाली येतं, म्हणून तीन वर्षांत प्रत्येक पट्टा एकदा तपासला जातोच. कुणाला तक्रार करावी लागत नाही. तक्रार न करता पाहणी होते, ही यातली शहाणपणाची गोष्ट. तक्रार करावी लागली की वैर सुरू होतं.

पाहणी आटोपली की मंडळी 'डवकोट' नावाच्या पबमध्ये जेवायला. आणि पुढच्या आठवड्यात त्याच पबमध्ये कोर्ट भरतं. त्याला 'कोर्ट लीट' म्हणतात. जमीनदाराचा कारभारी अध्यक्षस्थानी, बेलिफ हाक देणार, ज्यूरीने लिहून आणलेले दंड वाचले जाणार, पुढच्या वर्षीची ज्यूरी बायबलवर हात ठेवून शपथ घेणार. दंड फार मोठे नसतात. पण हा दसऱ्याच्या सोंगासारखा वार्षिक कार्यक्रम नाही. १९७७ साली ब्रिटिश पार्लमेंटने अशा सगळ्या जुन्या गावकोर्टांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा कायद्यात अपवाद म्हणून ज्यांची नावं घातली त्यांत लॅक्स्टनचं कोर्ट होतं. आजही ते कायद्याने कोर्ट आहे.

गावाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बराचसा इंग्लंडच्या कुठल्याही जुन्या गावासारखाच आहे. १०८६ च्या डोम्सडे बुकात लॅक्स्टनची नोंद आहे. नॉर्मन आले त्याआधी ते टोकी नावाच्या माणसाकडे होतं, नंतर जेफ्री अल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे. गावाच्या उत्तरेला नॉर्मनांनी मातीचा प्रचंड ढिगारा रचून किल्ला बांधला. दगड गेले, ढिगारा आहे, आणि त्या परगण्यातला तसल्या प्रकारचा तो सर्वांत चांगला टिकलेला आहे असं म्हणतात. शेरवुड जंगलाचा राजकारभार एकेकाळी इथून चाले. पुढे एव्हरिंगहॅम घराणं आलं. त्यांच्या थडग्यांवरच्या मूर्ती चर्चमध्ये आहेत आणि त्यातली एक बाईची मूर्ती दगडाची नसून ओक लाकडाची आहे. चौदाव्या शतकातली. इतक्या दमट हवेत लाकूड इतकी वर्षं टिकावं याचं नवल वाटतं. चर्च मात्र एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत चांगलंच आखूड केलेलं आहे.

खरी थांबावं अशी जागा १६३५ साली येते. त्या वर्षी मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने लॅक्स्टनचा एक नकाशा केला. चर्मपत्राच्या नऊ तुकड्यांवर. तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक पट्टा काढलेला आहे, कुठला कुणाचा तेही कळतं, कारण सोबत वही आहे. आणि मोजणीदाराने रिकाम्या जागांत चित्रं काढली आहेत : नांगर धरलेला माणूस, कापणी करणाऱ्या बाया-पुरुष, हरणामागे धावणारे शिकारी. सातबारा आणि गावनकाशा एकत्र करून त्यावर कुणी हौसेने चित्रं काढावीत तसा हा प्रकार. जगातल्या फार थोड्या गावांचा इतका जुना आणि इतका बारीक कागद शिल्लक असेल.

हा नकाशा करवून घेणारा माणूस होता सर विल्यम कोर्टेन. लंडनचा धनाढ्य कापडव्यापारी, गाव विकत घेतलेला नवा मालक. त्याला खंड वाढवायचा होता, म्हणून कुणाकडे काय आहे ते कळायला हवं होतं. नकाशामागे एवढाच हेतू. आता या कोर्टेनचं नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतही आहे. त्याच १६३५ साली त्याच्या मंडळीने चार्ल्स राजाकडून पूर्वेच्या व्यापाराचा परवाना मिळवला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून. कॅप्टन वेडेलच्या हाताखाली त्यांची जहाजं १६३६ मध्ये निघाली आणि त्याच वर्षी गोव्याला पोचली. तिथून पुढे भटकळ, मलाक्का, मकाव. पाठोपाठ राजापुरात आणि कारवारला कोर्टेनच्या मंडळींनी बस्तान मांडलं. राजापूरची वखार म्हटलं की आपल्याला १६६१ आणि शिवाजी महाराज आठवतात. ती वखार ईस्ट इंडिया कंपनीची. तिच्या आधी त्या खाडीत दुकान मांडायला आलेले इंग्रज हे कोर्टेनचे. म्हणजे नॉटिंगहॅमशायरच्या एका गावात कुणाचा पट्टा किती, हे मोजायला लावणारा आणि कोकणच्या मिरीवर डोळा ठेवणारा माणूस एकच, आणि वर्षही एकच. कोर्टेन १६३६ मध्ये, जहाजं वाटेत असतानाच, मेला. पूर्वेचा व्यापार त्याच्या वारसांना फळला नाही, घराणं कर्जात बुडालं आणि लॅक्स्टन पियरपॉण्ट घराण्याच्या हाती गेलं. तेच पुढे अर्ल मॅनव्हर्स झाले. गावाची पुढची तीनशे वर्षं त्यांची.

या तीनशे वर्षांतच बाकीच्या इंग्लंडात कुंपणं उभी राहिली. पार्लमेंटने १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीची फेरवाटणी केली. इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा. विखुरलेले पट्टे गोळा करून एकेकाला एकगठ्ठा तुकडा, त्याभोवती कुंपण, गावाची सामाईक कुरणं वाटून संपवलेली. उत्पादन वाढलं हे खरं. ज्याची एक गाय सामाईक गवतावर जगत होती त्याची गाय गेली, हेही खरं. घरंसुद्धा हलली : जमीन एकत्र आल्यावर शेतकरी आपल्या शेताच्या मधोमध घर बांधून राहू लागला, आणि गावात मजूर तेवढे उरले. लॅक्स्टनमध्ये शेतकऱ्यांची घरं अजून गल्लीतच आहेत, रस्त्याला पाखाडी करून, मागे कोठार, गोठा, परसू. गावठाणात राहायचं आणि सकाळी रानात जायचं ही रीत आपल्याला इतकी नेहमीची वाटते, की इंग्लंडमध्ये ती दुर्मिळ आहे हे सांगूनही पटत नाही.

मग लॅक्स्टनच का वाचलं? परंपरेवरच्या प्रेमाने, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वाचलं ते दोन जमीनदारांचं जमेना म्हणून. मॅनव्हर्सची जमीन आणि अर्ल ऑफ स्कारबरोची जमीन त्या पट्ट्यांत अशी गुंतली होती, की अदलाबदल केल्याशिवाय कुंपण घालणं अशक्य. बोलणी निघत आणि फिसकटत. शिवाय जमीन जड, चिकण. कुंपणं, चर, नवी घरं यांच्या खर्चाच्या मानाने फायदा थोडा. काही भाग कुंपणात गेलाच. चौथं एक छोटं पूर्वेचं शेत होतं, ते गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरेच पट्टे जोडून रुंद केले गेले. आपण आज पाहतो ते १६३५ चं गाव नव्हे, त्याचा सुटसुटीत केलेला अवतार आहे. पण तीन शेतं, तीन वर्षांचं चक्र आणि ज्यूरी राहिली. परंपरा टिकण्यामागे पुष्कळदा दोन भाऊबंदांचं भांडण असतं. वाड्याची वाटणी न झाल्याने वाडा वाचतो, तसं.

१९३८ साली ऑक्सफर्डचे शेतीअर्थशास्त्रज्ञ सी. एस. ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टाबेल यांनी याच गावावर 'द ओपन फील्ड्स' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं मला फार पटतं. पट्टे विखुरले ते समतेच्या कुठल्या तत्त्वापायी नव्हे. जंगल तोडून जमीन नव्याने आणताना अनेकांचे बैल एका जड नांगराला जुंपले जात, आणि दिवसाची नांगरट झाली की तेवढा पट्टा एकाच्या वाट्याला जाई; दुसऱ्या दिवसाचा दुसऱ्याच्या. नांगराने पट्टा पाडला, विचाराने नाही.

त्याआधी सर हेन्री मेन यांनी याच प्रकारच्या गावांबद्दल काही वेगळंच मांडलं होतं. मेन १८६२ ते १८६९ व्हाइसरॉयच्या मंडळात कायदामंत्री होते. परत गेल्यावर ऑक्सफर्डला त्यांनी व्याख्यानं दिली, त्यांचं पुस्तक १८७१ मध्ये आलं, आणि त्यात भारतातलं गाव आणि जुनं युरोपी गाव ही एकाच झाडाची फळं आहेत असं ठरवलं गेलं. ही कल्पना फार चालली. वास्तविक दख्खनच्या रयतवारी गावाला ती कधीच नीट बसली नाही, आणि बेडन-पॉवेल यांनी १८९६ मध्ये तसं सविस्तर दाखवूनही दिलं. आपल्याकडे शेतकरी आपापलं शेत आपल्या मनाने पेरतो. बलुतं सामाईक होतं, चावडी सामाईक होती, कुरण सामाईक होतं. पीक ठरवणारी ज्यूरी नव्हती. आपल्या गावाचं खरं चित्र पाहायचं तर त्रिं. ना. आत्र्यांचा १९१५ चा 'गावगाडा' वाचावा, मेन नव्हे.

आणि आत्रे लिहीत होते त्याच सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान, हेही इंग्रजच, पिंपळे सौदागर गावात घरोघर फिरत होते. त्यांचं पुस्तक १९१७ चं. १७७१ साली तिथे सरासरी धारणा ४० एकरांची होती, १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली, आणि तेवढीही जमीन एका जागी नाही, तुकड्या-तुकड्यांत. मान यांना त्यात रोगाचं मूळ दिसलं. पुढे १९४७ मध्ये मुंबई सरकारने तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा केला तो याच विचारातून. इथे गंमत पाहा. १९४७ मध्ये मुंबई सरकार विखुरलेले तुकडे कायद्याने गोळा करायला निघालं, आणि १९५२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शेती मंत्रालयाने, म्हणजे उत्पादन वाढवा म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागलेल्याच मंत्रालयाने, विखुरलेले तुकडे जपण्यासाठी लॅक्स्टन विकत घेतलं.

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं माझं मत आहे. लॅक्स्टनचा शेतकरी जमिनीचा मालक नाही, कूळ आहे. बहुतेक सगळे. कूळ मेलं तर शेत एका वारसाकडे अखंड जातं, पट्ट्याचे पुढे चार पट्टे होत नाहीत. पिंपळे सौदागरात मालकी होती आणि मालकीबरोबर वाटणी होती. तुकडा विखुरलेला असणं एक, आणि दर पिढीला तो अर्धा होणं वेगळं. मान यांनी दोन्ही एकाच सदरात धरलं. कुळाचं सोनं झालेलं पाहिलेल्या माझ्यासारख्याला हे म्हणताना जड जातं. कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं तो १९५७ चा कृषक दिन आमच्या घरी सणासारखा सांगितला जाई. पण लॅक्स्टनची जुनी शेती टिकली ती शेतकऱ्याला मालकी न मिळाल्यामुळे, हे नाकारून चालणार नाही.

म्हणून लॅक्स्टनकडे पाहून गावराज्याचे गोडवे गाऊ नयेत. ते कोर्ट जमीनदाराचं. शेकडो वर्षं ज्यूरीवर पट्टेवाले शेतकरी बसले. ज्याला पट्टा नाही तो मजूर आणि कुणाचीही बायको त्या ट्रॉलीत नव्हती. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावाच्या कौतुकावर जो घणाघात केला, तो आठवून इथेही विचारावं लागतं : पंच कोण, आणि पंचांच्या समोर उभं कोण? माझ्या मते उत्तर असं, की ज्यूरीचा अधिकार फार थोडा होता म्हणून ती टिकली. ती कुणाची जात काढत नाही, कुणाचं लग्न मोडत नाही, कुणाला वाळीत टाकत नाही. नांगर मेखेच्या पलीकडे गेला का, चर साफ केला का, एवढंच पाहते. जे मेख ठोकून मोजता येतं तेवढ्यापुरतंच तिचं राज्य.

गवताच्या सखल पट्ट्यांचा उल्लेख मघाशी आला. ओल राहते म्हणून तिथे नांगर चालत नाही. त्यांना तिथे 'साइक' म्हणतात. कधीच नांगरल्या नाहीत, खत-औषध पडलं नाही, म्हणून बाकी देशातून गेलेली रानफुलं तिथे आहेत, आणि सरकारने त्यांना निसर्गसंरक्षणाचा दर्जा दिला आहे. त्यांवरचं गवत दर उन्हाळ्यात लिलावात जातं. पूर्वी जनावरं होती तेव्हा चढाओढ लागे, आता गवत कापून न्यायला कुणी मिळालं तरी पुष्कळ. मेंढ्या सामाईक सोडणंही बंद झालं, म्हणून कोंडवाडा दुरुस्त केलेला असला तरी रिकामा असतो.

मंत्रालयाने १९८१ मध्ये गाव राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटला दिलं, पद्धत चालू ठेवायच्या अटीवर. क्राउन इस्टेटनेही काही वर्षांपूर्वी विकायला काढलं आणि २०२० मध्ये ते थोर्सबी इस्टेटकडे गेलं, म्हणजे पियरपॉण्ट-मॅनव्हर्स घराण्याच्याच वारशाकडे. ६८ वर्षांनी गाव फिरून तिथेच आलं. जमीनदार बदलत राहिले. कोर्टाची तारीख बदलली नाही.

आता अडचण दुसरीच आहे. तीन शेतांत पट्टे असलेले शेतकरी घटत चालले आहेत, यंत्रं रुंद होत चालली आहेत, आणि मेख ठोकलेल्या अरुंद पट्ट्यात मोठ्या फवारणी यंत्राचा दांडा वळवायला जागा नाही. खंडात सवलत मिळाली तरी गव्हाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. ज्यूरीला बारा माणसं लागतात. ती शेतकऱ्यांतूनच काढायची, की गावात राहायला आलेल्या नोकरदारांनाही त्यांत घ्यायचं, आणि घेतलं तर ज्याने कधी नांगर धरला नाही त्याच्या डोळ्याला सरीची रेघ कळेल का, हा प्रश्न त्यांना सोडवावा लागणार आहे. तो त्यांनी पबमध्येच सोडवावा. आपण इथून सल्ला न दिलेला बरा.